कासच्या पुढे, वासोट्याला जा

हिवाळ्यात पाण्याकाठच्या जंगलातली वाट कोणी विचारली की बहुतेक जण साताऱ्याजवळचं कास सुचवतात. कास छानच, पण तिथून तसंच पुढे बामणोलीला उतरा आणि वासोटा किल्ला करा. बामणोलीहून लाँचने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडून किल्ल्याच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला पोचायला तास-दीड तास लागतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाण्यावर धुक्याचा थर असतो, पलीकडचा काठ दिसतच नाही. मग एकदम काळंभोर जंगल समोर येतं. कानटोपी हवीच, लाँचवर वारं फार झोंबतं.

वनखात्याच्या चौकीत नोंद झाली की थोड्या वेळात ओढा आणि मारुती-गणपतीच्या मूर्ती लागतात. तिथून पुढची चढण इतक्या दाट झाडीतून आहे की भर दुपारीही ऊन अंगावर येत नाही. झाडांच्या शेंड्यांकडे बघत चाला, शेकरूची काटक्यांची घरटी दिसतील. मोठ्याने बोलू नका, कोयना अभयारण्य आहे ते.

वर बाबुकडा नावाच्या उभ्या कड्याच्या काठावर मात्र निवांत बसा. जवळचं नागेश्वराचं गुहेतलं देऊळही त्याच दिवशी उरकायचा हट्ट नको, कारण अंधाराआधी लाँच गाठावीच लागते, मुक्कामाला परवानगी नाही.