नवख्यांचा वर्ग: दाखवलेला डाव रोलिंगमध्ये दिसतच नाही

हाफगार्डवाली

मंडळी, मी ब्राझिलियन जिउ-जित्सूतली (जमिनीवरच्या धरपकडीची कुस्ती) पर्पल बेल्ट, म्हणजे मधल्या पायरीवरची. आमच्या कोचच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे नवख्यांचा वर्ग सध्या माझ्या गळ्यात पडलाय. स्वतः रोल करणं (म्हणजे खऱ्या विरोधात झुंजून सराव) वेगळं आणि समोर व्हाइट बेल्टची रांग उभी असताना शिकवणं वेगळं, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

मला जसं शिकवलं गेलं तसंच मी शिकवते. वार्मअपला मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत श्रिंप (पडल्या पडल्या कंबर मागे सरकवणं), मग एका पोझिशनमधले तीन डाव, प्रत्येकाचं जोडीने ड्रिल, शेवटी रोलिंग. परवा माउंटमधून (वरचा अंगावर बसलेला असताना) निसटायचा एल्बो एस्केप घेतला. कुशीवर वळा, कोपर गुडघ्याला भिडवा, पाय आत ओढा, मग दुसऱ्या बाजूला तेच. ड्रिलमध्ये सगळ्यांचं इतकं छान जमलं की मलाच हुरूप आला. मग रोलिंग सुरू झालं आणि बघते तर जो तो पाठीवर सपाट पडून, दोन्ही हात ताठ करून वरच्याची छाती ढकलतोय! दोघांना त्याच हातावर आर्मबार (कोपर उलटं ताणणारा डाव) बसला. एल्बो एस्केप एकानेही करून पाहिला नाही. करायला जाऊन फसले असते तरी चाललं असतं, पण आठवलाच नाही कोणाला.

त्यात एक जण प्रत्येक डावाला विचारतो, "पण त्याने असं केलं तर?" आणखी एक जण वजनाने बाकीच्यांच्या दीडपट. तो वर बसला की खालच्याचा वर्ग तिथेच संपतो.

मी जास्त दाखवतेय का? ड्रिल कमी पडतंय का? शिकवणाऱ्यांनी सांगा. फक्त "येईल हळूहळू" म्हणू नका, ते मी स्वतःलाच रोज सांगते.

उचिकोमी

ड्रिलच कमी पडतंय. तीन डाव कशाला? एकच घ्या आणि तो शंभरदा करून घ्या. ज्युदोत आम्ही उचिकोमी (थ्रोची सुरुवात पुन्हा पुन्हा करणं) घासतो ती उगाच नाही. शरीराला वळण लागलं की डोक्याने आठवायची गरज उरत नाही. हल्ली लोकांना कंटाळा फार लवकर येतो, खरा आजार तो आहे.

आणि खांद्याच्या ज्या कुलुपाला तुम्ही लोक किमुरा म्हणता, ते ज्युदोपटू मासाहिको किमुरांनी १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये तुमच्या जिउ-जित्सूच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एलिओ ग्रेसींना लावलं होतं. ज्युदोवाल्यांचंही थोडं ऐकत जा.

फुगीरकान

तीन डाव नकोत, इथपर्यंत उचिकोमीसाहेबांच्या बाजूने. शंभर ड्रिलचं मात्र पटत नाही.

ताई, पुढच्या वेळी ड्रिल चालू असताना खालच्याकडे बघूच नका, वरच्याकडे बघा. तो काय करतोय? हात स्वतःच्या मांड्यांवर ठेवून, आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसलाय. एल्बो एस्केपचा सगळा जीव वेळेत असतो. वरच्याचं वजन पुढे गेलं किंवा एका बाजूला कललं की त्याच क्षणी वळायचं. तुमच्या ड्रिलमध्ये तो क्षण आलाच नाही. लोकांनी हालचाल पाठ केली, पण ती कधी करायची हे त्यांना कोणी विचारलंच नाही. मग रोलिंगमध्ये छातीवर खरं वजन आलं, कॉलरकडे हात आला, आणि दचकलेला माणूस जे करतो ते त्यांनी केलं. ढकललं.

मी असं घेतो. काहीही न दाखवता जोड्या थेट माउंटमध्ये बसवायच्या. खालच्याचं काम एकच, कसंही करून एक गुडघा दोघांच्या मध्ये आणायचा. वरच्याने फक्त टिकायचं, सबमिशन (हार मानायला लावणारा डाव) नाही. अर्ध्या मिनिटाने पाळी बदलायची. पहिल्या काही फेऱ्या बघवत नाहीत, तरी तोंड बंद ठेवायचं (हेच सगळ्यात अवघड). मग वरच्याला एक हत्यार द्यायचं: खालच्याचा हात ताठ झाला की तो दोन्ही हातांनी धरायचा, धरला की वरच्याचा गुण. आर्मबार ओढायचा नाही, नुसतं धरायचं. थोड्याच फेऱ्यांत ताठ हात गायब होतात. "कोपरं आत" असं ओरडावं लागत नाही.

डाव दाखवायचा तो यानंतर. एक मिनिट, फार तर दोन तपशील. आता त्यांच्यापाशी स्वतःची अडचण असते, म्हणून तुमचं उत्तर डोक्यात राहतं. आणि एल्बो एस्केपच्या जोडीला ब्रिज द्याच. वरच्याचा एकाच बाजूचा हात आणि पाय अडकवायचा, कंबर उचलायची, त्या बाजूला लोळवायचं. लोळू नये म्हणून तो गुडघे फाकवतो, तेव्हा तुमच्या गुडघ्याला आत यायला जागा होते. ती जागा बंद करायला त्याने गुडघे आवळले की तो पुन्हा लोळवण्याजोगा होतो. हे दोन डाव वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवले तर दोन्ही लंगडे राहतात.

शंभरदा तेच करण्याबद्दल: निकोलाय बर्नस्टाइन नावाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसलेल्या कामगारांचं चित्रीकरण केलं होतं. हातोड्याचं टोक दर वेळी जवळपास त्याच जागी जात होतं, पण खांदा, कोपर, मनगट यांचं गणित प्रत्येक घावाला थोडं वेगळं होतं. कसब आलेला माणूस हालचाल छापत नाही, प्रत्येक वेळी नव्याने जुळवतो. पार्टनर जिवंत असेल तर शंभर फेऱ्या आनंदाने करा. तो निपचित पडून असेल तर दहासुद्धा जास्त. आणि उचिकोमीसाहेब, १८८२ मध्ये कोडोकान ही ज्युदोची शाळा काढणाऱ्या जिगोरो कानोंनीच रांदोरीला (मोकळ्या झुंजीच्या सरावाला) मध्यभागी आणलं ना? मी त्यांचंच सांगतोय.

गुणांची पद्धतही वर्गात कामाला येते. आयबीजेजेएफ या स्पर्धा घेणाऱ्या संघटनेच्या नियमांत टेकडाउन (खाली पाडणं), स्वीप (गार्डमधून, म्हणजे खालून पायांनी रोखून धरलेल्या स्थितीतून, वरच्याला उलटवणं) आणि नी ऑन बेलीला (पोटावर गुडघा) २, गार्ड पासला (ते पाय ओलांडणं) ३, माउंट आणि बॅक कंट्रोलला (पाठीवरून ताबा) ४, आणि पोझिशन ३ सेकंद टिकवली तरच गुण. ते ३ सेकंद मी प्रत्येक खेळात घालतो, नाहीतर "माझा गुडघा आला होता" यावरच वेळ जातो. पण त्याच नियमांत माउंटमधून निसटायला काहीच मिळत नाही. ब्रिज करून वरच्याला उलटवलं तरी स्वीपचे २ नाहीत, कारण स्वीपची सुरुवात गार्डमधून व्हावी लागते. स्पर्धेला ते ठीक. माझ्या वर्गात निसटण्यालाच सगळ्यात जास्त गुण आहेत. नवखा माणूस बराच काळ खालीच असणार, तिथे त्याला जिंकण्यासारखं काहीतरी हवं.

"पण त्याने असं केलं तर" वाला हा तुमचा सगळ्यात कामाचा विद्यार्थी. त्याला उत्तर देऊ नका. त्याच्या पार्टनरला सांगा, पुढच्या फेरीत नेमकं तेच कर. निम्मे प्रश्न मॅटवर विरून जातात. उरलेले खरंच चांगले निघतात, त्यावर पुढचा वर्ग घ्या. भारी माणसाला जास्त वेळ खाली ठेवा. वर असेल तेव्हा हातांनी पकडायचं नाही ही अट. यात त्याचाही फायदा आहे. नुसतं वजन टाकून जिंकत राहिला तर ब्लू बेल्टला पोचेल तेव्हा त्याच्याकडे गार्ड म्हणून काही नसेल.

श्रिंप हवाच असेल तर कोणाला तरी अंगावर रेलायला लावून करा. रिकाम्या मॅटवर केलेल्या श्रिंपने घाम येतो, बाकी काही नाही.

आता उलट बाजू, कारण हे वाचून काही जण "सोडून द्या, आपोआप शिकतील" असा अर्थ काढतात. काही गोष्टी मी कोणालाच शोधून काढायला देत नाही, सरळ हुकूम सोडतो. टॅप (हार मानल्याची थाप) लवकर आणि ठळक करायचा. हात अडकले असतील तर पायाने आपटा किंवा तोंडाने ओरडा. टॅप मिळताच सोडायचं, "लागलं होतं का खरंच?" नंतर विचारा. चोक (गळा आवळणारा डाव) नीट बसला की काही सेकंदांत शुद्ध जाते, म्हणून "बघू किती सहन होतं" हा खेळ नाही. उडी मारून क्लोज्ड गार्ड (समोरच्याच्या कंबरेला पायांचा विळखा) नको, समोरच्याचा गुडघा जातो. हील हुक (टाच पिळून गुडघ्यावर ताण आणणारं कुलूप) तर नावालाही नको. आयबीजेजेएफने तो २०२१ पासून मान्य केला तोही फक्त नो-गीमध्ये (जाड गणवेश न घालता), प्रौढ ब्राऊन आणि ब्लॅक बेल्टना. त्यात दुखायला लागेपर्यंत गुडघ्याच्या लिगामेंटचं काम झालेलं असू शकतं, आणि नवख्याला धोका कळतो तो दुखण्यावरूनच.

किमुराची गोष्ट निघालीच आहे तर तीही पूर्ण सांगू. एलिओंनी टॅप केलं नाही, भाऊ कार्लोसने बाहेरून सामना थांबवला. नवख्यांना ही गोष्ट वीरकथा म्हणून ऐकवू नका. पुढच्या रोलमध्ये कोणीतरी एलिओ व्हायला जातो.

टॅपटॅप

मी शिकवत नाही, व्हाइट बेल्ट आहे. ताईंच्या वर्गात ड्रिलला मान डोलावणारे असतात ना, त्यातलाच एक.

तीन डाव दाखवले की मला शेवटचा आठवतो, तोही अर्धा. "हात इथे, डोकं तिथे, वजन असं, पण आधी पकड तोडा", यातलं चौथं वाक्य येईपर्यंत पहिलं गेलेलं असतं. मग आम्ही पार्टनर एकमेकांना विचारतो, "डावा पाय होता की उजवा?" आणि ड्रिल म्हणजे आठवायची परीक्षा होते.

मला सगळ्यात जास्त कशाने आलं सांगू? आमच्याकडे एक ब्राऊन बेल्ट काकू आहेत. त्या रोल करताना मुद्दाम एक दार उघडं ठेवतात. मला ते दिसलं तर जाऊ देतात, नाही दिसलं तर बंद करतात आणि थोड्या वेळाने परत उघडतात. बोलत काहीच नाहीत. याउलट माझ्यासारखाच नवखा समोर आला की दोघंही जिवाच्या आकांताने धरून बसतो आणि वेळ संपते. त्यामुळे शेवटच्या रोलिंगला सगळे नवखे एकमेकांत लावू नका, एवढंच.

उचिकोमी

फुगीरकान, कानोंना मध्ये आणून कोंडीत पकडलंत. रांदोरीचं मान्य. पण एक जागा अशी आहे जिथे मी हटणार नाही, पडणं. उकेमी शोधून काढायची गोष्ट नाही. हनुवटी छातीला, हाताने मॅटवर थाप, आणि आधाराला ताठ हात मागे टेकवायचा नाही. हे एकट्याने, सुरुवातीला बसून, मग उकिडवं, मग उभं राहून, शेकडो वेळा. त्याआधी कोणालाही कोणी फेकायचं नाही. जिउ-जित्सूवाले थ्रो दाखवतात आणि पडायला शिकवतच नाहीत, मनगटं आणि कोपरं तिथे जातात.

फुगीरकान

यावर वाद नाही. उकेमी रोज, आणि एकट्याने. माझ्याकडे पहिले काही आठवडे नवखे रोलिंग गुडघ्यांवरूनच सुरू करतात, ते याचसाठी.

टॅपटॅप, त्या काकूंकडून शिकत राहा. ताई, तुमच्या वर्गात वरचे बेल्ट येत असतील तर त्यांना हेच सांगा: जिंकू नका, दार उघडा-बंद करा. त्यांनाही स्वतःचा वेळेचा अंदाज तपासायला मिळतो.

हाफगार्डवाली

काल करून पाहिलं. अहवाल देते.

पहिल्या फेऱ्या खरंच बघवत नव्हत्या. एकाने वरच्याला मिठी मारली आणि अर्धा मिनिट तशीच धरून ठेवली. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग "ताठ हात धरला की गुण" आलं आणि चित्र पालटलं. कोपरं बरगड्यांना चिकटली. एकीला तर मी काही दाखवायच्या आतच सापडलं की वरचा कॉलर पकडायला वाकला की त्याच्या एका गुडघ्यावरचं वजन उठतं. तिने तिथूनच पाय आत घातला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू परवानगी हवी होती! डाव मी शेवटून दुसऱ्या टप्प्यावर दाखवला, खरंच एका मिनिटात. प्रश्नवाल्याला तुमचा उपाय लावला. त्याच्या पार्टनरने "असं" केलं, हा उताणा पडला, आणि उरलेला वर्ग प्रश्न न विचारता रोल करत होता.

भारी भाऊ खाली फार चिडले. पण दुसऱ्या अर्ध्यात त्यांना ब्रिज सापडला. आता त्यांच्यावर बसायला कोणी तयार नाही.

नवीन अडचण अशी की गुडघा आत आला की सगळे तिथेच थांबतात. अर्धा पाय आत, अर्धा बाहेर, खालचा वरच्याचा पाय दोन्ही पायांत आवळून पडलेला, वरचा त्याच्या डोक्यावर ओणवा. रोलिंगमध्ये सगळीकडे हेच. हाच हाफ गार्ड, माझ्या नावाला शोभतंय, पण पुढे काय?

फुगीरकान

मग पुढच्या आठवड्याची पोझिशन ठरली की. माउंट सोडा, सुरुवात तिथूनच करा.

खालचा कुशीवर, सपाट नाही. त्याचं काम वरच्या हाताने समोरच्याच्या काखेखालून अंडरहुक घेणं आणि ३ सेकंद टिकवणं. वरच्याचं काम त्याला सपाट पाडणं, खांदा त्याच्या जबड्याला लावून. या खेळात पाय सोडवायचा नाही, स्वीप नाही, काही नाही. अंडरहुक कोणाकडे जातो एवढंच बघायचं, हाफ गार्डमधली बाकीची भांडणं बरीचशी त्यावरच ठरतात. तो जमायला लागला की खालच्याला पाठीवर जायची मोकळीक द्या आणि वरच्याला पाय सोडवायची. आणि भारी भाऊंना या वेळीही खालीच.