मदत हवी आहे: रिमिशन आलं, आता घरचे म्हणतात किमो बंद करा

जालन्याचा मामा
भाचा सहा वर्षांचा. ब्लड कॅन्सर. पहिला कोर्स झाला, बोन मॅरो तपासला, डॉक्टर म्हणाले रिमिशन आलं. घरी पेढे वाटून झाले. आता डॉक्टर म्हणतात अजून दोन-अडीच वर्षं औषधं लागतील. बहिणीचे सासरे, तात्या, अडून बसलेत, "रक्त शुद्ध झालं ना, मग चांगल्या पोराला विष कशाला?" दाजी वडिलांपुढे तोंड उघडत नाहीत. बहीण फोनवर नुसती रडते. उद्या सकाळी मी तिकडे जातोय. तात्यांना पटेल असं काय सांगू? डॉक्टरी भाषा नको, ते शेतकरी माणूस आहेत. लवकर सांगा.

रात्रपाळी
मी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. आधी हे सांगा: ब्लड कॅन्सरचा प्रकार कोणता, एएलएल की एएमएल? कोणत्या पेशींचा, बी सेल की टी सेल? एमआरडीचा (लपून उरलेल्या खराब पेशी मोजणारी तपासणी) रिपोर्ट आला का? उपचार कुठे चालू आहेत? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढची तारीख कधीची आहे?

परळचा रहिवासी
वेळ घालवू नका, सरळ टाटाला आणा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला तिकीट माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. तेवढं सर्टिफिकेट हॉस्पिटलातून भरून घ्या.

जालन्याचा मामा
मुंबईचं विचारलं नाही दादा. संभाजीनगरला चालू आहे, तिथले डॉक्टर चांगले आहेत. एएलएल म्हणाले होते. फाइल बहिणीकडे आहे, फोटो मागवलेत. मला एवढंच सांगा, आजार गेला म्हणतात तर दोन वर्षं कशासाठी?

लेकीची आई
मामा, आमच्या घरात अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते. माझी मुलगी चार वर्षांची असताना एएलएल निघाला. आता नववीत आहे.

रिमिशन म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली आजार दिसत नाही, एवढंच. आजार सापडतो तेव्हा अंगात साधारण एक लाख कोटी खराब पेशी असतात. पहिल्या महिन्याच्या औषधांनी त्यातल्या बहुतेक मरतात, पण त्यानंतरही एक हजार कोटींपर्यंत उरलेल्या असू शकतात आणि मॅरो स्वच्छ दिसू शकतो. तात्यांना हराळीचं उदाहरण द्या. वरून कापली की रान मोकळं दिसतं, खाली काशी राहिली तर एका पावसात परत रान धरते. माझ्या सासऱ्यांना हे एका वाक्यात कळलं, त्याआधी आम्ही महिनाभर वाद घालत होतो.

आणखी एक सांगा. पुढची दोन वर्षं पहिल्या महिन्यासारखी नसतात. मधले काही महिने कडक असतात, ते खोटं बोलून लपवू नका. पण नंतरच्या मेंटेनन्समध्ये बहुतेक औषध घरीच असतं: सिक्स-एमपीची गोळी रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच (रोज नाही, हे कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा), अधूनमधून पाठीतलं इंजेक्शन. माझी मुलगी त्या काळात शाळेत जात होती.

इतिहासप्रेमी
ताईंच्या बोलण्याला इतिहासाचाच पुरावा आहे. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये ब्लड कॅन्सरच्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिल्याचं प्रसिद्ध केलं. त्यातली १० सुधारली, पण ती सुधारणा टिकली नाही, आजार उलटला. म्हणजे नुसतं रिमिशन तेव्हाही मिळत होतं. पुढे बऱ्याच औषधांची जोड, मेंदू-मणक्यासाठी वेगळे उपचार आणि वर्षानुवर्षं चालणारी औषधं एकत्र आली, तेव्हा १९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत सेंट ज्यूड हॉस्पिटलात निम्मी मुलं बरी होऊ लागली. आज प्रगत देशांत हा आकडा ९० टक्क्यांच्या आसपास आहे. आणि अमिनोप्टेरिन, मेथोट्रेक्सेट ज्या प्रयोगशाळेतून आले तिथे संशोधनाचे प्रमुख होते आपले भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्याबद्दल शाळेत एक धडा तरी हवा.

निसर्गोपचार
किमोने प्रतिकारशक्ती मरते हे कोणी का सांगत नाही? पपईच्या पानांचा रस चालू करा. माझ्या मुलाच्या प्लेटलेट आठवड्यात वर आल्या.

रात्रपाळी
तुमच्या मुलाला काय झालं होतं?

निसर्गोपचार
डेंग्यू.

रात्रपाळी
डेंग्यूत प्लेटलेट आठवड्याभरात आपोआप वर येतात, पाणी पिऊनही. इथे मूल किमोवर आहे. रक्तातल्या पेशींचा काउंट कमी असताना कच्च्या पाल्याचा रस म्हणजे पोटात जंतूंना आमंत्रण, आणि लिव्हरवर आधीच औषधांचा ताण असतो. डॉक्टरांना न विचारता काहीही देऊ नका.

निसर्गोपचार
अनुभवाला किंमत नाही असं म्हणायचंय का? मी वाईट सल्ला द्यायला आलो नाही.

पेशींचा अभ्यासक
रिमिशनवर थांबूच नका. आता भारतातच कार-टी थेरपी (पेशंटच्याच पेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या) तयार झाली आहे, आयआयटी मुंबई आणि टाटाच्या कामातून, २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्याची चौकशी करा.

लेकीची आई
दादा, ती आजार उलटलेल्या किंवा औषधांना न जुमानणाऱ्या पेशंटसाठी आहे. या बाळाचा आजार उलटू नये म्हणून तर आपण बोलतोय.

कागदवाला
मी योजनांचे फॉर्म भरून देतो. मामा, तात्यांचा अडसर खरंच "विष" आहे की पैसा? माझ्याकडे येणाऱ्या कित्येक घरांत म्हातारी माणसं औषधाचं नाव पुढे करतात आणि मनात हिशोब असतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नाव घातलं का? रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा, आणि समाजसेवा विभागालाही. तात्यांना तिथे बरोबर न्या, त्यांच्यासमोर बोलणं होऊ द्या.

जालन्याचा मामा
कागदवाले, तुम्ही बरोबर बोललात. दाजींचा टेम्पो उभा आहे, हप्ते थकलेत, तात्यांनी बैलजोडी विकली. हे ते कोणापुढे बोलणार नाहीत. योजनेचं पहिल्या महिन्यात झालंय, पुढचं होतं का माहीत नव्हतं.

फोटो आले. बी सेल. एमआरडी ०.०१ टक्क्यापेक्षा कमी लिहिलंय. रिमिशननंतर काही इंजेक्शनं झाली होती, मग सोमवारची तारीख होती, तात्यांनी जाऊ दिलं नाही. पोरगं दुपारपासून मलूल आहे, अंग गरम लागतंय, तापाचं औषध पाजलंय असं बहीण म्हणते. ते असो, उद्या तात्यांपुढे सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी
मामा, उद्या नाही, आत्ता. बहिणीला फोन लावा. थर्मामीटरने ताप बघायला सांगा. १००.४ किंवा जास्त असला तर किमोवरच्या मुलासाठी ती इमर्जन्सी आहे. आणि तापाचं औषध दिल्यामुळे आकडा कमी दिसला तरी मूल मलूल आहे, तेवढं पुरे. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी असतील तर जंतू रक्तात पसरायला काही तास लागतात. हॉस्पिटलच्या वॉर्डात फोन करून निघा, ते तयारीत राहतील. पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. गावातल्या डॉक्टरांकडून दंडावर-कमरेवर इंजेक्शन घेऊ नका, गुदद्वारातून औषध नको. फाइल सोबत घ्या.

निसर्गोपचार
हवा बदललीय, व्हायरल असेल. रात्रीचं लेकराला कशाला नाचवता?

लेकीची आई
व्हायरल असेल तर उद्या घरी परत येईल. नसेल तर आजची रात्र महत्त्वाची आहे. आमच्या शेजारच्या बेडवरचं मूल आजाराने गेलं नाही, रिमिशनमध्ये असताना जंतुसंसर्गाने गेलं. मामा, तुम्ही हे वाचत बसू नका. निघा.

कागदवाला
गाडीची अडचण असेल तर १०८ ला लावा.

जालन्याचा मामा
दाजींनी टेम्पो काढला, मी रस्त्यात गाठलं. ताप १०२ निघाला. न्यूट्रोफिल दोनशेच्या आसपास, म्हणजे फारच कमी. अँटिबायोटिक चालू आहे, रक्तात जंतू आहेत का बघायला कल्चर पाठवलंय. आज सकाळपासून ताप उतरतोय, पोरगं बिस्कीट मागतंय.

तात्या बरोबर आले होते. डॉक्टरांनी त्यांना बसवून सांगितलं, एमआरडी चांगला आला म्हणजे औषधं लागू पडताहेत, म्हणूनच ती मधे तोडायची नाहीत. हराळीचं मी सांगितलं. ते म्हणाले, मग तारखा मला लिहून द्या, मी आणतो. समाजसेवा विभागाच्या ताई सोमवारी योजनेचं पुढचं बघणार आहेत. काउंट वर आले की राहिलेली किमो देतील.

आणखी एक. धाकटी भाची दीड वर्षाची आहे, गावात रविवारी पोलिओचे थेंब आहेत. पाजायचे का? तात्या तिला घेऊन बूथवर जाणार म्हणतात.

रात्रपाळी
थेंब नको. त्यात जिवंत विषाणू असतो आणि तो शौचातून घरातल्या भावाकडे जाऊ शकतो. तिला टोचायची पोलिओची लस मिळते का ते तिथल्याच डॉक्टरांना विचारून घ्या. बाकीच्या लसी चुकवू नका. भाच्याला मात्र सध्या कुठलीही लस त्यांना विचारल्याशिवाय नको.