मदत हवी आहे: लॅब्रॅडॉर कुत्र्याला घेऊन ग्रेट सँड ड्यून्स (कोलोराडो)

पाऊलवाट

नमस्कार. जूनच्या शेवटच्या आठवड्यात डेन्व्हरहून ग्रेट सँड ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांच्या नॅशनल पार्कला दोन दिवस जायचं आहे. सोबत आमचा लॅब: काळा, वय ४, वजन २८ किलो. डोंगरवाटांची सवय आहे, वाळूची अजिबात नाही. दुपारचं कमाल तापमान २६-२७ सेल्सियस दाखवतंय, म्हणजे काळजीचं काही नसावं. तरी विचारतो:

१) कुत्र्याला कुठपर्यंत नेता येतं? स्टार ड्यून ही तिथली उंच टेकडी डोक्यात आहे.
२) त्याच्या पायात कुत्र्यांचे बूट घातले तर सकाळी १०-११ला सुरुवात चालेल का?
३) पाणी किती न्यावं? मेडानो क्रीक हा ओढा वाटेतच आहे, तिथलं पाजलं तर?

टकमक

स्टार ड्यून विसरा. कुत्र्यांना वाळूच्या पहिल्या उंच धारेपर्यंतच परवानगी आहे, म्हणजे हाय ड्यूनच्या माथ्यापर्यंत. त्यापलीकडचा सगळा भाग बंद. लीश (कुत्र्याला धरायची दोरी) जास्तीत जास्त ६ फुटांची. लांबत जाणारी रीळवाली नको. हाय ड्यून जाऊन-येऊन ४ किमीच आहे, पण चढ २१० मीटरच्या वर आणि पार्किंगच २,५०० मीटर उंचीवर. वाळूत पाऊल मागे घसरतं ते वेगळंच. वाळूची सवय नसलेल्या कुत्र्याला पहिल्या दिवशी एवढं पुष्कळ झालं.

आता मुख्य मुद्दा. २६-२७ हा आकडा हवेचा आहे, वाळूचा नाही. उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी तिथली वाळू ६५ सेल्सियसपर्यंत तापते. हवा गार लागते म्हणून माणूस निवांत असतो, बूट घालून चालतो आणि त्याला पत्ताच लागत नाही. वैशाखात तापलेल्या कातळावरून अनवाणी चालून बघा, म्हणजे कुत्र्याची बाजू कळेल.

म्हणून १०-११ नाही. त्या दिवसांत सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास होतो. साडेपाचला पार्किंग सोडा आणि ९ वाजता परत पार्किंगला असा. माथ्यावर नव्हे, पार्किंगला. लोक चुकतात ते इथेच: टेकडीच्या पायथ्यापासून ओढ्यापर्यंत सपाट वाळूचा रुंद पट्टा आहे, सावलीला एक झुडूपही नाही. चढताना तो गार असतो, परतताना तोच पाय भाजतो. आणि २८ किलोचं जनावर उचलून तिथून आणणं काही खायचं काम नाही.

चढताना समोरच्या उतारावर सरळ जाऊ नका. वाऱ्याच्या आडोशाची बाजू साधारण ३४ अंशांची असते, ती पायाखालून सुटत जाते. धारेधारेने चढा, वाळू घट्ट लागते. उतरताना कुत्रा उड्या मारत सुटतो आणि लीशला हिसका बसतो, म्हणून गळ्यातल्या पट्ट्याला न अडकवता हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) अडकवा.

वारापाऊस

टकमक यांना +१. बुटांबद्दल थोडं.

बूट म्हणजे दुपारी चालायचा परवाना नव्हे. ते तळवे वाचवतात, अंग तापायचं थांबवत नाहीत. उलट कुत्र्याला घाम येतो तो तळव्यांतूनच, आणि बुटांत तेच झाकले जातात. शिवाय पाय वाळूत घोट्यापर्यंत रुततो आणि वरून वाळू आत शिरते. आत गेलेली वाळू सँडपेपरसारखी घासते, तासाभरात कातडी सोलते. जाळीचे बूट घेऊच नका, जाळीतून बारीक वाळू गाळल्यासारखी आत उतरते. बंद कापडाचे, उंच गळ्याचे घ्या.

माप घेताना कागदावर पुढचा पंजा ठेवून दुसरा पुढचा पाय हाताने उचला, म्हणजे सगळं वजन पडून पंजा पूर्ण पसरतो. मग रुंदी आखा. मागचे पंजे अरुंद असतात, त्यांचं माप वेगळं. बुटाची पट्टी पायाच्या सर्वांत बारीक भागावर, एक बोट आत जाईल इतपत घट्ट. दर २० मिनिटांनी चारही बूट काढून झटका आणि आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख बघा. घासायला सुरुवात तिथूनच होते.

ओढा ओलांडल्यानंतरच बूट घाला. बोटांच्या बेचक्यांसकट पाय कोरडे पुसून मग. ओला तळवा मऊ पडतो आणि वाळू त्याला चिकटून बसते. घरी आतापासून रोज पाच-दहा मिनिटं घालून फिरवा, नाहीतर तिथे बगळ्यासारखा एकेक पाय वर धरून उभा राहील.

अवांतर: टेकड्यांच्या कडेच्या गवताळ भागात निवडुंग आहे. चिमटा खिशात असू द्या.

गुरांचा_डॉक

पाणी: २८ किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला साधारण दीड लिटर लागतं. तीन तासांच्या या चालीसाठीच २ लिटर वेगळं धरा, तुमचं सोडून. दर १५-२० मिनिटांना १५०-२०० मिली, वाटीतून. एकदम अर्धा लिटर पाजलं तर बहुतेक वेळा उलटून पडतं.

ओढ्याचं पाजू नका. जिआर्डियाची (पाण्यातून पोटात जाणारा परजीवी) भीती आहेच, पण त्याहून मोठी अडचण वाळूची. ओढा तिथे जेमतेम घोटाभर खोल, कुत्रा पाण्याबरोबर तळाची वाळूही चाटतो. चेंडू खेळवलात तर लाळेने ओल्या चेंडूला चिकटून आणखी पोटात जाते. ती आतड्यात साचून गोळा होतो. नंतरच्या एक-दोन दिवसांत वारंवार उलट्या, शी न होणं, पोट ताठ, यांपैकी काही दिसलं तर एक्स-रे काढून घ्या, वाट बघू नका. चेंडू घरीच ठेवा.

ऊन लागल्याची खूण: जीभ लांब, टोकाशी चमच्यासारखी रुंद; लाळ घट्ट, तारेसारखी; हिरड्या विटकरी लाल; चाल डुलती. तिथेच थांबा. हाताशी असेल ते पाणी पोट, जांघा आणि काखांवर ओता आणि टोपीने वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते. आधी थंड करा, मग गाडीत घाला. गुदद्वारातलं तापमान ३९.४ सेल्सियसला आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर ते फार खाली घसरतं. अलामोसा हे शहर तिथून जवळपास ५५ किमी आहे. निघण्याआधी तिथल्या पशुवैद्याचा नंबर आणि वेळा लिहून ठेवा. काळा रंग ऊन जास्त शोषतो हेही धरून चला.

पाऊलवाट

सर्वांचे आभार. स्टार ड्यून रद्द, साडेपाचला सुरुवात. म्हणजे ९ नंतर दिवसभर काय करायचं? गाडीत तर ठेवता येणार नाही.

टकमक

गाडीत अजिबात नाही. मोस्का पास ट्रेल करा. एका बाजूने ५.६ किमी, झाडीतून, ओढ्याच्या कडेने; लीशवर कुत्र्याला परवानगी आहे आणि पायाखाली माती आहे. पूर्ण जमत नसेल तर तिथूनच सुरू होणारी माँटव्हिलची छोटी चक्कर मारा. दुपारी ढग जमून गडगडू लागलं की मोकळ्यावर थांबू नका. टेकडीवर तर त्या वेळी असूच नका, तिथे सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता.

संध्याकाळी पुन्हा वाळूत जायचं असेल तर सूर्य कलल्यावर हाताची मागची बाजू वाळूवर ७ सेकंद टेकवून बघा. ठेवता आली तर जा. जूनअखेरीस ओढ्याकाठी डास असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या.

वारापाऊस

हाताची चाचणी उन्हातल्या वाळूवर करा, पावलाने उकरलेल्या खड्ड्यात नको. काही सेंटिमीटर खाली वाळू गारच लागते.