कॉपसाठी संस्थेशी 'माध्यम भागीदारी': करारात काय मागायचं?

रोठासुपारी (श्रीवर्धन)

नमस्कार मंडळी. आम्ही पाचसहा जण, काही कॉलेजात, काही नुकतेच सुटलेले, मिळून एक यूट्यूब चॅनल चालवतो. बाजारभाव, एसटीच्या बंद झालेल्या फेऱ्या, उधाणाला खारबांध फुटला तर त्याची बातमी, असलं सगळं. पैसे मिळत नाहीत, पण तालुक्यात लोक बघतात.

आता मुंबईच्या एका पर्यावरण संस्थेचा मेल आलाय. नोव्हेंबर 2026 मध्ये तुर्कस्तानात अंताल्याला हवामान परिषद आहे, कॉप 31. त्यासाठी आमचे 'युवा माध्यम भागीदार' व्हा म्हणतात. किनाऱ्यावरचे व्हिडिओ आम्ही द्यायचे, ते तिथल्या कार्यक्रमात दाखवणार, कोपऱ्यात आमचा लोगो. आणि 'शक्य झाल्यास' आमच्यातल्या एकाला परिषदेचा पास.

पासचं नाव ऐकूनच ग्रुपमधली अर्धी पोरं पासपोर्टचा फॉर्म भरायला बसली. मला मात्र त्यांची मागणी वाचून खटकलं. दोन मिनिटांचा व्हिडिओ, ड्रोनने घेतलेली दृश्यं आणि 'भावनिक प्रतिक्रिया देणारे बाधित शेतकरी'.

आमच्याकडे 'निसर्ग' वादळावरच्या (3 जून 2020) मुलाखती आहेत. त्यातले एक आजोबा. त्यांच्या वाडीतल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. सरकारने तेव्हा झाडामागे भरपाई ठरवली, सुपारीला 50 रुपये, नारळाला 250. नवी पोफळ धरायला सहासात वर्षं लागतात हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे आजोबा त्यावर बोलतच नाहीत. ते सातबारा काढतात. सामाईक. चुलते, आत्या, मुंबईतले पुतणे, काही जण कधीचेच वारलेले आणि वारसनोंद नाही. पैसे नेमके कुणाच्या खात्यावर टाकायचे यावरून तलाठ्याकडे खेटे. आजोबा एकदाही रडत नाहीत. कागदावर एकेक नावाखाली बोट ठेवत बोलतात, मध्येच अडकित्ता उचलून सुपारी कातरतात, पुन्हा तेच बोट त्याच नावावर. संस्थेच्या बाईंना नमुना पाठवला तर उत्तर आलं, "छान आहे, पण बाहेरच्या प्रेक्षकांना जड जाईल."

माझ्या मते तोच आमच्याकडचा सगळ्यात चांगला ऐवज आहे. असल्या परिषदांना जाऊन आलेलं कुणी असेल तर सांगा, ही भागीदारी करण्यात अर्थ आहे का? आणि करायची तर कागदावर काय काय घ्यावं?

खाडीकाठ (मूळ दाभोळ, सध्या पुणे)

ताई, बॉन आणि दुबईला एका संस्थेच्या कोट्यातून जाऊन आलोय, म्हणून लिहितो.

आधी पासचं बघू. पत्रकाराचा पास वेगळा. त्यासाठी संपादकाचं पत्र, ओळखपत्र आणि प्रसिद्ध झालेलं काम दाखवून थेट संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सचिवालयाकडे अर्ज करावा लागतो. निरीक्षकाचा पास मान्यता मिळालेल्या संस्थेच्या कोट्यातून येतो आणि तो कोटा मोजकाच असतो. तेव्हा बाईंना सरळ विचारा: मान्यता तुमची स्वतःची आहे का, कोटा किती, त्यात आमचं नाव लागणार का? ग्रीन झोनचं तिकीट हातात ठेवून 'पास दिला' म्हणणारे पण भेटतात. ग्रीन झोन म्हणजे यजमान देशाने सर्वांसाठी मांडलेलं प्रदर्शन. वाटाघाटी होतात ब्लू झोनमध्ये.

आता गंमत अशी की ब्लू झोनमध्येसुद्धा पत्रकाराला पूर्णसभा आणि पत्रकार परिषदा मिळतात. मसुद्यातल्या एकेका शब्दावर रात्री घासाघीस चालते त्या खोल्यांत पत्रकाराला सोडत नाहीत. निरीक्षक संस्थांची माणसं मात्र पुष्कळदा आत बसलेली असतात. भागीदारीचा फायदा आहे तो इथे. 'इको' नावाचं पत्रक आहे, 1972 च्या स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेपासून स्वयंसेवी संस्था ते काढत आल्यात. हवामानाच्या वाटाघाटींत क्लायमेट अ‍ॅक्शन नेटवर्क, म्हणजे जगभरच्या संस्थांचं जाळं, ते काढतं. कोण कुठे अडून बसलंय ते त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी आलेलं असतं आणि सरकारी प्रतिनिधी चहाबरोबर ते वाचतात. याच नेटवर्कचा, अडवणूक करणाऱ्या देशाला द्यायचा 'फॉसिल ऑफ द डे' हा टोमणा-पुरस्कार 1999 पासून आहे, त्याची बातमी तर जगभर होते. आतलं ज्याला कळतं आणि लोकांपर्यंत ज्याला पोचवता येतं, असे दोघे एकत्र आले म्हणून हे जमलं. कोपऱ्यातल्या लोगोने नाही जमलं.

तुमच्या आजोबांचा सातबारा अजिबात जड नाही. हवामान बदलाचा फटका बसलेल्या गरीब देशांसाठीच्या 'हानी आणि नुकसान' निधीवर 2022 मध्ये शर्म अल-शेखच्या परिषदेत सहमती झाली, 2023 मध्ये दुबईला पहिल्याच दिवशी तो सुरू करण्याचा निर्णय झाला. सुरुवातीच्या टप्प्यात 25 कोटी डॉलर आहेत आणि त्यातले किमान निम्मे अतिअविकसित देशांना आणि छोट्या बेटांच्या देशांना. भारत या दोन्हींत बसत नाही, त्यामुळे आजोबांना 'तिकडून पैसे येतील' असं चुकूनही सांगू नका. पण निधीतला पैसा सरकारांच्या हाती अडकू नये, थेट बाधित लोकांपर्यंत जावा, अशी संस्थांची मागणी सुरूच आहे. आणि ज्याचा हक्क कागदावर गुंतलाय त्याच्यापर्यंत तो जाणार कसा? तुमच्या मुलाखतीत हाच प्रश्न आहे. भावनिक प्रतिक्रियेत तो येणार नाही.

कागदावर हे घ्या: काटछाट तुमच्या संमतीशिवाय नाही. पूर्ण मुलाखत तुमच्या चॅनलवर राहणार. आजोबांची लेखी परवानगी, तीही व्हिडिओ कुठे दाखवणार हे त्यांना समजावून. आणि मुख्य म्हणजे परिषदेच्या दोन आठवड्यांत त्यांचा आत बसलेला माणूस रोज तुमच्याशी मराठीत फोनवर बोलणार, तुम्ही ते लावणार. जूनमध्ये बॉनला तयारीची बैठक असते, तेव्हा या रोजच्या फोनची रंगीत तालीम करा. बरीच खुली सत्रं घरबसल्या थेट दिसतात.

रापणकार (मालवण)

पोरांनो, तुमका पास गावलो म्हणान माझ्या होडयेक डिझेल गावाचा नाय. हां, आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.

'तौक्ते' झालं 2021 मध्ये. आमच्याकडे कॅमेरे घेऊन किती आले! फाटलेली जाळी धरून उभं केलं, फोटो घेतले. काय केलं त्याचं, कुठे दाखवलं, कुणी परत येऊन सांगितलं नाही. म्हणून तुम्ही जे काही कराल ते आधी गावात पडदा लावून दाखवा.

दुसरं. मासळी कमी झाली की हल्ली जो तो म्हणतो समुद्र तापला. तापलाय, नाही कोण म्हणतो? पण रात्री एलईडी दिवे लावून आणि पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी मासळी ओरबाडतात त्याचं काय? तो भाग संस्थांना नको असतो. कारण तो अंताल्यात सुटणारा नाही, मुंबईत मंत्रालयात सुटणारा आहे. तुमच्या व्हिडिओतून असलं काही कापायला सांगितलं तर सही करू नका.

रोठासुपारी

दादा, काका, दोघांचे आभार. रापणकार काका, कापाकापीचा मुद्दा करारात तुमच्याच शब्दांत घालते.

आजोबांना विचारून आले. म्हणाले, "दाखवा कुठेही, पण गट नंबर झाका. भावकीत आधीच कमी भांडणं आहेत का?" गट नंबर आणि नावं दोन्ही धूसर करतोय.

बाईंना रोजच्या फोनचं सुचवलं तर त्या चक्क खूश झाल्या, त्यांच्याकडे मराठी बोलणारा एक जण जाणार आहे. मानधनाचं मात्र 'बघू'. ड्रोनचं भाडं आमच्याच खिशातून जाणार असं दिसतंय. मागणं बरं दिसेल का?

खाडीकाठ

बरं काय दिसायचंय त्यात? अशा प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात चित्रीकरणाचा खर्च बहुधा धरलेला असतो. ड्रोनच नको म्हणा, किंवा भाडं आगाऊ घ्या.

पास मिळो न मिळो, 'यंगो'त नाव नोंदवून ठेवा. तरुणांच्या संघटनांचा हा गट 2011 पासून वाटाघाटींत अधिकृत घटक आहे, त्यांच्या कामगटांच्या बैठका ऑनलाइन होतात. वेळा अडनिड्या असतात एवढंच.

आणि पासची नावं परिषदेच्या काही महिने आधीच द्यावी लागतात. गणपतीपर्यंत बाई 'बघू'च म्हणत राहिल्या तर पास नाही असं धरून चाला, आणि पोरांना तिकिटं काढण्यापासून थांबवा.