बेकमन यांचे ‘आर्गोनॉट्स’: तिन्ही फलकांत एकच कथा आहे का?

प्रश्न
जर्मन चित्रकार माक्स बेकमन यांचे ‘आर्गोनॉट्स’ हे तीन फलकांचे तैलचित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. आर्गोनॉट्स म्हणजे ग्रीक पुराणकथेत सोनेरी लोकर आणण्यासाठी जेसनबरोबर जहाजातून सफरीला निघालेले वीर. मधल्या फलकातील जेसन, ऑर्फियस आणि समुद्रातून शिडीने वर येणारा वृद्ध ग्लॉकस ओळखता येतात. मात्र डावीकडे चित्रकार व तलवार धरून बसलेली स्त्री आहे, तर उजवीकडे वाद्ये घेतलेल्या स्त्रिया. जहाज कुठेच नाही, सोनेरी लोकरही नाही. हे फलक क्रमाने वाचायचे का?

प्रतिसाद १
क्रमाने कथा शोधू गेल्यास पदरी निराशाच येईल. बेकमन यांनी हे काम 1949 मध्ये सुरू केले तेव्हा त्याचे नाव ‘कलावंत’ असे होते. ‘आर्गोनॉट्स’ हे नाव मागाहून आले. हे ध्यानात घेतले की मांडणी उलगडते: डावीकडे चित्रकला, उजवीकडे संगीत आणि मध्ये गायक-कवी ऑर्फियस. तंतुवाद्य त्याच्याजवळ जमिनीवर पडले आहे, जेसनच्या मनगटावर पक्षी आहे, आणि ग्रहण लागल्यासारख्या लालसर बिंबाखाली तो म्हातारा या दोन तरुणांपर्यंत चढून येतो आहे. ग्लॉकस हा भविष्य सांगणारा सागरदेव असल्यामुळे सफरीचा अर्थ येथे अजून न घडलेल्या गोष्टीकडे जाणे एवढाच उरतो, आणि म्हणूनच मला जहाजाची उणीव जाणवत नाही. डिसेंबर 1950 मध्ये चित्र पूर्ण झाले आणि त्याच महिन्याच्या 27 तारखेला न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कजवळ, मेट्रोपोलिटन संग्रहालयात लागलेले आपले आत्मचित्र पाहायला जात असताना, हृदयविकाराच्या झटक्याने बेकमन यांचे निधन झाले. या योगायोगामुळे चित्राला मृत्युपत्र ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा.

प्रतिसाद २
बहुतांशी सहमत आहे, पण पुराणकथा इतकी बाजूला सारू नये. डावीकडची स्त्री मुखवट्यावर बसली आहे आणि अनेक अभ्यासक तिला मेडिया, म्हणजे कथेतील जेसनची पत्नी, मानतात. उजवीकडच्या स्त्रिया ग्रीक नाटकातील एकत्र गाणाऱ्या वृंदाची आठवण देतात. अर्थात बेकमन यांच्या शीर्षकांवर डोळे झाकून विसंबताही येत नाही. 1933 मध्ये नाझी राजवटीत त्यांची फ्रँकफर्टमधील अध्यापकाची नोकरी गेली होती, आणि ‘प्रस्थान’ या पहिल्या त्रिफलकावर त्यांनी शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मधील दृश्ये असल्याची चिठ्ठी लावली, ती केवळ तपासणाऱ्यांची दिशाभूल व्हावी म्हणून.

प्रतिसाद ३
छापील प्रतींत एक गोष्ट हरवते. मधला फलक दोन मीटरांहून थोडा उंच आहे आणि बाजूचे दोन्ही त्याहून सुमारे 20 सेंटीमीटरने बुटके व बरेच अरुंद आहेत. ही रचना चर्चमधील वेदीचित्रांची, म्हणजे पूजेच्या वेदीवर लावलेल्या चित्रांची, आहे, आणि तिथेही बाजूचे फलक मुख्य प्रसंगाच्या आधीचे वा नंतरचे असलेच पाहिजेत असे नसते. पुष्कळदा तिथे नुसते साक्षीदार उभे असतात. त्यामुळे मधल्या फलकापासून सुरुवात करून मग दोन्ही बाजूंना जावे.