एका रात्रीत कायमची सुटलेली दारू, तुमची कोणती?

भटका_सातारकर:
परवा ऑफिसातला एक जण गोव्याहून हुर्राक, म्हणजे काजूची दारू, घेऊन आला, पाण्याच्या बाटलीत भरलेली. झाकण उघडलं, वास नाकात गेला आणि तोंडाला पाणी सुटलं, म्हणजे चांगलं नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं ते. सरळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ९ वर्षं झाली राव! एप्रिलात तिघं मित्र गोव्याला गेलेलो, भर दुपारी पेडण्याकडच्या एका टपरीवाल्याने लिम्का, लिंबू, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची टाकून ग्लास दिला, मला तर सरबतच वाटलं, आणि उपाशीपोटी अख्खी बाटली मी एकट्यानेच संपवली असेल. रात्रीचं फक्त लॉजच्या बाथरूममधली निळी बादली आठवते, तिच्यावर पेंटने लिहिलेलं 'रूम ४'. व्हिस्की, बिअर सगळं चालतं, हीच एक नाही. लिम्कापण नाही. बायको म्हणते नाटकं करतो. तुमचं असं काही आहे का, आणि परत कधी जमलं का?

माडाखालचा:
हुर्राकीला कशाला नावं ठेवतोस रे, ती बिचारी दोनतीन महिन्यांची पाहुणी. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा भट्टी लावली की निघते ती हुर्राक, तीच परत रसाबरोबर भट्टीत गेली की फेणी. घाटावरचे लोक पहिली भट्टी ऐकून 'पहिल्या धारेची' समजतात आणि घाबरतात, नाहीतर सरबत समजून ढोसतात. दोन्ही चूक. साधारण १५ टक्के धर, म्हणजे ७५० ची बाटली झाली व्हिस्कीचे साडेचार लार्ज. एप्रिलच्या उन्हात, उपाशीपोटी. आता तूच सांग चूक कोणाची.

संत्रीबाई_नागपूर:
माझी वोडका. हॉस्टेलला कोणाच्यातरी वाढदिवसाला संत्र्याच्या ज्यूसमध्ये घालून प्यायले, वोडकाला तशी चव नसतेच त्यामुळे किती झाली कळलंच नाही. गंमत म्हणजे वोडका आता चालते, संत्रं नाही चालत! नागपूरच्या पोरीला!! हिवाळ्यात घरी पेटी येते, बाबा सोलायला बसले की मी दुसऱ्या खोलीत. आईला अजून वाटतं मला ॲसिडिटी आहे.

उंदीरमामा:
नाटक नाहीये, वहिनींना सांगा. जॉन गार्सिया म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्याने १९५५ मध्ये उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी देऊन वर रेडिएशन दिलं, तर उंदरांनी नंतर ते पाणी टाळायला सुरुवात केली. पाण्याचा काही दोष नव्हता. मळमळ तासाभराने आली तरी मेंदू ती खाल्ल्याप्यायल्याच्या खात्यावर टाकतो आणि त्यातही नव्या, वेगळ्या चवीवर आधी. ओळखीची चव बऱ्याचदा सुटते. म्हणून तुमची व्हिस्की वाचली आणि पहिल्यांदाच प्यायलेली हुर्राक अडकली. संत्रीबाईंचंही तेच, ग्लासात चव होती ती संत्र्याची, मग बिल त्याच्याच नावावर. आणि हे सगळं माहीत असून मी स्वतः रमचा केक खाऊ शकत नाही, माहिती पोटापर्यंत पोचतच नाही.

कोरडा_दिवस:
एकतीस तारखेला सोडतो, पंधरा जानेवारीला घेतो. ब्रँड कोणताही असो.

संत्रीबाई_नागपूर:
@उंदीरमामा मग परत जमवायचं कसं ते सांगा ना, थिअरी नको.

उंदीरमामा:
थोडं थोडं, पोट शांत असताना, आणि दारूशिवाय. तुम्ही संत्र्याच्या एका फोडीपासून सुरू करा. हुर्राकीसाठी मात्र कोणी एवढे कष्ट घ्यावेत असं मला वाटत नाही.

माडाखालचा:
वाटायला पाहिजे.

भटका_सातारकर:
थांबा थांबा. हे वाचून त्या ट्रिपवाल्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, मी त्या दिवशी गाडी चालवत होतो, थेंब नव्हता घेतला, पण रात्री मीपण दोनदा ओकलो की." मग आठवलं, संध्याकाळी तिघांनी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं हाणलेलं, आणि मी तर वाटी पुसून खाल्लेली. म्हणजे ९ वर्षं मी भलत्यालाच शिव्या घालतोय. बरं, तिसऱ्या तर मालवणला गेलो की अजून दोन प्लेट मागवतो! ती बाटली ऑफिसच्या फ्रीजमध्ये तशीच आहे. आज झाकण उघडून बघितलं. परत गॅलरीत.