नुसते पाइप मोठे करून भागणार नाही
नाशिकमध्ये जोराचा पाऊस झाला की सोसायटीसमोर पाण्याचं तळं साचतं. पावसाळी गटाराचे पाइप मोठे टाकले की ते हटेल, असं काहीजण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. मोठा पाइप आपल्या दारातलं पाणी लवकर नेतो खरा, पण नेतो कुठे? नासर्डी, वाघाडी या शहरातल्या छोट्या नद्यांत आणि शेवटी गोदावरीत. सराफ बाजाराचे हाल आठवा. तिथला सरस्वती नाला झाकलेला, जोराची सर आली की पाणी दुकानांत. त्यात गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून विसर्ग चालू असेल आणि नदीपात्रातला दुतोंड्या मारुती (ज्याच्यावरून नाशिककर पुराची पातळी ओळखतात) बुडायला लागला असेल, तर नदीच नाल्यांच्या तोंडाशी पाणी मागे रेटते.

म्हणून पाणी आधी आवारातच अडवायला हवं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पडला तर १५,००० लिटर! एवढं सगळं रस्त्यावर का सोडायचं?

त्यासाठी शोषखड्डा, म्हणजे गच्चीचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, करा. तो मात्र काळ्या मातीत थांबवू नका. ती भिजली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. मुरूम लागेपर्यंत खणा. थेट अखंड कातळ लागला तर जागा बदला. पहिल्या पावसाचं घाण पाणी खड्ड्यात घेऊ नका, खड्ड्याआधीची गाळणी मे महिन्यातच साफ करा.

आणि कळकळीने सांगतो, गच्चीचा पाइप मैलापाण्याच्या ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला असेल तर आजच काढा. त्यामुळे पावसात चेंबर उसळून मैलापाणी तळमजल्यावरच्यांच्या घरात शिरतं.